बुडालेला हप्ता कोणी भरला? मदत म्हणून छोटी कर्जं देणाऱ्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे: दरवर्षी २५ हजार रुपये देणगी देतो. यंदापासून तेच पैसे एखाद्या संस्थेमार्फत गरजूंना छोट्या कर्जाच्या रूपात द्यावेत असं वाटतं, म्हणजे ते परत येतील आणि पुन्हा फिरतील. पण गरिबाकडून पैसे परत घेणं योग्य आहे का? व्याज घ्यावं का? आणि यातून देणाऱ्याच्या पदरात काय पडतं?

द्या, जरूर द्या. मात्र सगळे २५ हजार नकोत, आणि दान द्यायला हवं तिथे कर्ज नको. या कामात नैतिकतेचा खरा प्रश्न व्याजदराचा नाही. गणित फसलं तर तोटा कोण सोसणार, हा आहे. घेणाऱ्या बाईची शेळी मेली आणि तरीही संस्थेच्या अहवालात वसुली १०० टक्के दिसली, तर तो हप्ता कुठून आला हे शोधायला हवं. देणाऱ्याने तो तोटा सोसला नाही, संस्थेनेही सोसला नाही, म्हणजे तो तिनेच किंवा तिच्या शेजारणींनी सोसला.

परत घेण्याबद्दल मनात संकोच नको. आपल्याकडे हातउसने हा शब्द उगाच रुजलेला नाही. हातउसने देणारा वरचा आणि घेणारा खालचा होत नाही. आज तुम्ही, उद्या आम्ही. फुकट मिळालेल्या पैशापेक्षा परत करायच्या पैशात घेणाऱ्याचा मान अधिक राहतो, हे खरं आहे. पण हातउसन्याचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात: समोरच्यावर खरंच संकट आलं तर आपण तगादा लावत नाही. हे दोन्ही असेल तरच कर्ज ही मदत ठरते.

आता कर्ज कशासाठी, हे आधी बघा. ज्या पैशातून पैसा येतो त्यासाठीच कर्ज. दवाखाना, लग्न, बारसं, घरातलं धान्य, जुनं देणं फेडणं, यांसाठी कर्ज दिलं तर हप्ता मजुरीतून जातो, म्हणजे पोटातून जातो. ऑपरेशनसाठी पैसे हवे असतील तर देणगी द्या आणि विसरून जा. आजारी माणसाला बिनव्याजी का होईना, कर्ज देणं हे मदतीचं सोंग आहे. अपवाद एकच: सावकाराचं महागडं कर्ज फेडून स्वस्त कर्जात आणणं, आणि तेही सावकाराकडचा कागद परत मिळाल्याचं डोळ्यांनी बघून.

भाजीवाल्या बाईचं उदाहरण घ्या. मंडईत सकाळी १,९०० हातात मिळतात आणि संध्याकाळी २,००० परत करायचे असतात, असा व्यवहार रोज चालतो. दिवसाला १०० रुपये. महिन्याचे २५ दिवस धंदा धरला तर २,५०० रुपये नुसतं व्याज. याच बाईला १० हजार रुपये वर्षाला २४ टक्के घटत्या दराने (म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज) १२ हप्त्यांत मिळाले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ९४६ रुपये आणि वर्षभराचं व्याज सुमारे १,३५० रुपये. म्हणजे मंडईतल्या १४ दिवसांच्या व्याजात तिचं वर्षाचं व्याज निघतं. तिचा पैसा रोज फिरतो, म्हणून आठवड्याचा हप्ता तिला जड जात नाही. इथे कर्ज चपखल बसतं. अर्थात तिच्यासाठी आधी पीएम स्वनिधी योजना तपासा. २०२० मध्ये सुरू झालेल्या या योजनेत पहिलं कर्ज १० हजारांचं होतं, २०२५ मधल्या बदलानंतर ते १५ हजारांचं झालं, आणि वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात ७ टक्के सवलत मिळते. सरकारी दरवाजा उघडा असताना तुमचा पैसा तिथे घालू नका. त्या योजनेत न बसणाऱ्या बाईसाठी ठेवा.

शेळीचं गणित अगदी वेगळं आहे आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. समजा दोन उस्मानाबादी शेळ्यांसाठी २० हजार दिले. शेळी पाच महिने गाभण असते. पिल्लं विकण्याजोगी व्हायला आणखी आठ-नऊ महिने. गाभण शेळी घेतली तरी पहिला पैसा हातात यायला दहा-अकरा महिने लागतात. आणि कर्ज देणारी संस्था पहिल्याच आठवड्यापासून साडेचारशे रुपयांचा हप्ता लावते! मग ती बाई तो हप्ता खुरपणीच्या मजुरीतून भरते, किंवा सहाव्या महिन्यात अडीच महिन्यांचं पिल्लू पडत्या भावाने विकते. कागदावर कर्ज नियमित, घरात मात्र धंदा संपलेला. शेळीच्या कर्जाला पहिले दहा महिने फक्त व्याज, मग मुद्दल दोन-तीन टप्प्यांत, आणि एक टप्पा बकरी ईदच्या बाजाराला जोडलेला, असं वेळापत्रक हवं. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, हेही धरायला हवं. शिवाय कर्जाच्या रकमेतच विमा, पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस आणि पावसाळ्याआधीची आंत्रविषाराची लस यांचा खर्च धरलेला असावा. विम्याचा बिल्ला कानातून पडला की दावा अडकतो. बिल्ला पडल्यास लगेच कळवायचं, हे पहिल्या दिवशी सांगणारी संस्था मला दहा पानांच्या चकचकीत अहवालापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

तेव्हा संस्थेला विचारायचा पहिला प्रश्न हा: भाजीवाली आणि शेळीवाली यांचे हप्ते तुम्ही वेगळे ठरवता का? उत्तर ‘आमचं एकच प्रॉडक्ट आहे’ असं आलं, तर तिथून उठा.

तुमचे पैसे नेमके कुठे जातात, याचीही स्पष्ट कल्पना हवी. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या किवा या ऑनलाइन संस्थेने २५ डॉलर देऊन जगातल्या कुठल्याही कर्जदाराला मदत करण्याची पद्धत लोकप्रिय केली. फोटो, नाव, गोष्ट, आणि खाली ‘कर्ज द्या’. २००९ मध्ये डेव्हिड रूडमन या अभ्यासकाने दाखवून दिलं की बहुतेक वेळा फोटोतल्या बाईला स्थानिक संस्थेने कर्ज आधीच दिलेलं असतं; तुमचा पैसा त्या संस्थेच्या तिजोरीत भर घालतो. किवाने त्यानंतर आपल्या संकेतस्थळावरची मांडणी अधिक स्पष्ट केली. यात फसवणूक शोधण्यापेक्षा वस्तुस्थिती समजून घ्या. दुकानासाठी पैशांची वाट बघणाऱ्या बाईने चार आठवडे कुणी तिचा फोटो निवडेल म्हणून थांबावं का? नाही. आधी देणं हेच योग्य. फक्त मग तुम्ही निवडता ती बाई नसते, ती संस्था असते. त्यामुळे चेहरा बघून नव्हे, ताळेबंद बघून निवडा. चेहरा बघून निवडण्यात आणखी एक अन्याय आहे: तरुण, हसऱ्या, लेकरू कडेवर घेतलेल्या बाईचं कर्ज लवकर भरतं आणि पन्नाशीच्या, तोंड आंबट करून बसलेल्या चांभारकाम करणाऱ्या माणसाचं पडून राहतं.

व्याजाबद्दल आता. तुम्ही शून्य टक्क्याने दिलं म्हणून तिला शून्य टक्क्याने मिळत नाही, आणि त्यात दर वेळी लबाडी असते असं नाही. हिशोब करून बघा. समजा एक कार्यकर्ती ३०० कर्जदार सांभाळते आणि तिचा पगार, गाडीभाडं, फोन मिळून महिन्याला २५ हजार खर्च येतो. वर्षाचे तीन लाख, म्हणजे एका कर्जदारामागे १,००० रुपये. १० हजारांचं कर्ज १२ हप्त्यांत फिटतं तेव्हा वर्षभरात सरासरी बाकी साडेपाच हजारांच्या आसपास असते. त्यावर १,००० रुपये म्हणजे जवळजवळ १८ टक्के! यात अजून बुडीत धरलेलं नाही, कचेरीचं भाडं नाही, भांडवलाची किंमत नाही. कर्ज जितकं लहान, तितका हा खर्च टक्क्यांत मोठा दिसतो. म्हणून १८ ते २४ टक्के घटता दर ऐकून दचकू नका. दचकायचं ते दर लपवला जातो तेव्हा.

लपवण्याची जुनी रीत म्हणजे सरळ दर, ज्याला बाजारात ‘फ्लॅट’ म्हणतात. १० हजारांवर १२ टक्के फ्लॅट म्हटलं की १,२०० व्याज, महिन्याला ९३३ चा हप्ता. पण मुद्दल दर महिन्याला फिटत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १० हजारांवर. खरा दर पडतो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. त्यात प्रक्रिया शुल्क आणि विमा म्हणून ३०० आधीच कापून ९,७०० हातात दिले, तर तो २७ टक्क्यांच्या पुढे जातो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून लागू केलेल्या सूक्ष्म कर्जाच्या नियमांत सगळा खर्च धरून वार्षिक दर सांगणारी एकपानी माहिती कर्जदाराला समजेल अशा भाषेत देणं बंधनकारक केलं आहे. तो कागद मागा. आदिवासी पाड्यावर तो इंग्रजीत असेल तर उत्तर मिळालंच.

त्याच नियमांतल्या आणखी चार गोष्टी लक्षात ठेवा, कारण संस्था पारखायला त्या उत्तम आहेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल आणि तारण नसेल तरच ते सूक्ष्म कर्ज. कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन किंवा फेरी नाही. निम्म्याची मर्यादाही मला गरिबांसाठी सैल वाटते. महिन्याला १० हजार कमावणाऱ्या घरातून ५ हजार हप्त्यांत गेले तर उरलेल्यात पाच तोंडं कशी भरतील? चांगल्या संस्था स्वतःहून तिसऱ्या हिश्श्यावर थांबतात.

आता पुन्हा त्या १०० टक्के वसुलीकडे. पाच-दहा बायकांचा गट, एकमेकींची हमी, आणि एकीचा हप्ता चुकला तर बैठक उठू द्यायची नाही. ही पद्धत बांगलादेशातून आली. १९७६ मध्ये जोब्रा गावात मुहम्मद युनूस यांनी ४२ जणांना मिळून २७ डॉलरइतकी रक्कम दिली, तिथून ग्रामीण बँकेचा उगम. हमी म्हणून एकमेकींचा आधार ही कल्पना सुंदर आहे. वसुलीचं हत्यार म्हणून वापरली की तीच भीषण होते. तासभर ऊन खात बसलेल्या नऊ बायका, दहाव्या बाईचा हप्ता येईपर्यंत कुणाचंही काम सुरू होत नाही. मग कुणीतरी कानातलं काढून देतं, कुणी दुसऱ्या कंपनीचं कर्ज उचलून हे भरतं. आंध्र प्रदेशात २०१० मध्ये एकाच घरावर तीन-चार कंपन्यांची कर्जं, वसुलीची जबरदस्ती आणि आत्महत्यांच्या बातम्या यानंतर सरकारला अध्यादेश काढावा लागला आणि सगळा धंदाच कोसळला. तोपर्यंत त्या कंपन्यांच्या वसुलीचे आकडे डोळे दिपवणारे होते.

म्हणून वार्षिक अहवालात मी आधी बुडीताचा आकडा शोधतो. ३० दिवसांहून जास्त थकलेली रक्कम किती, निर्लेखित केलेली, म्हणजे बुडाली म्हणून सोडून दिलेली, किती, आणि हप्ते पुढे ढकलून दिलेली कर्जं किती. दुष्काळाच्या किंवा अतिवृष्टीच्या वर्षी मराठवाड्यात काम करणाऱ्या संस्थेचं बुडीत शून्य असेल तर काळजी वाटते. तीन-चार टक्के असेल आणि सोबत हप्ते पुढे ढकलल्याची नोंद असेल तर विश्वास वाटतो. कार्यकर्त्याचा पगारवाढ-बोनस वसुलीवर ठरतो का, हेही विचारा. ठरत असेल तर बाकीचे सगळे आश्वासक शब्द निरुपयोगी.

बचतगटाला मी या सगळ्याहून वरचं स्थान देतो. दहा-वीस बायका, महिन्याला शंभर-दोनशेची बचत, त्यातूनच आपसांत कर्ज. महिन्याला दोन टक्के व्याज बऱ्याच गटांत असतं, म्हणजे वर्षाला २४. पण ते व्याज गटातच राहतं, वर्षअखेरीला वाटलं जातं. व्याज कुणाच्या घरी जातं, यावर त्याचा चांगुलपणा ठरतो. नाबार्डने १९९२ मध्ये बचतगट-बँक जोडणीचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला, त्यावर आज बँकांची मोठी कर्जं उभी आहेत. तुम्ही मात्र गटात थेट पैसे ओतू नका. घामाच्या बचतीचा पैसा बायका काटेकोर फेडतात. पाहुण्याचा पैसा आला की ‘साहेबांचेच तर आहेत’ म्हणून शिस्त सैल पडते आणि गट फुटतो. गटाला द्यायचंच असेल तर हिशोबनिसाचं प्रशिक्षण, वह्या, लेखापरीक्षण यांसाठी देणगी द्या.

तुमच्या २५ हजारांचं काय करावं? मी असं सुचवीन. १० हजार साधी देणगी, दवाखाना-शिक्षण अशा कर्ज न पेलणाऱ्या कारणांसाठी. ५ हजार कर्ज देणाऱ्या संस्थेच्या चालू खर्चासाठी देणगी. वरचं १८ टक्क्यांचं गणित आठवा, हा खर्च कुणी उचलला तरच व्याज खाली येतं. उरलेले १० हजार कर्जासाठी, निदान २० जणांत वाटून, ५०० च्या तुकड्यांत, एका जिल्ह्यात आणि एकाच धंद्यात नकोत. ऑनलाइन द्यायचं असेल तर ते व्यासपीठ रिझर्व्ह बँकेकडे पी-टू-पी एनबीएफसी, म्हणजे देणारा आणि घेणारा यांना थेट जोडून देणारी वित्त कंपनी, म्हणून नोंदलेलं आहे का ते बघा; २०१७ पासून ही नोंदणी लागते. पैसा व्यासपीठाच्या खात्यात नाही, त्रयस्थाच्या ताब्यातल्या एस्क्रो खात्यात जायला हवा. मुदत ३६ महिन्यांपेक्षा जास्त नसते. ‘हमखास परतावा’ किंवा ‘हवं तेव्हा काढा’ असं कुणी म्हणत असेल तर ते नियमात बसत नाही. बुडालं तर तोटा देणाऱ्याचाच. आणि माझ्या मते ते तसंच असायला हवं.

दिलेल्या कर्जाला प्राप्तिकरात देणगीची सवलत मिळत नाही, कारण ते दान नाही. मिळालेलं व्याज मात्र उत्पन्नात धरलं जातं. संस्थेला देणगी पाठवणारे परदेशस्थ मराठी लोक इथे एक चूक करतात: भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून दिलेला पैसा परदेशी देणगी ठरत नाही, पण पासपोर्ट बदलला असेल तर ठरतो, मग ओसीआय कार्ड असो वा नसो, आणि त्या संस्थेकडे परदेशी देणगी घेण्यासाठीची एफसीआरए नोंदणी हवी. गावात चार मित्र मिळून व्याजाने पैसे द्यायचा विचार असेल तर थांबा; महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवान्याशिवाय सावकारीचा धंदा करणं गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

पैसे फिरत राहतात याचं प्रत्यक्ष मोल किती? २५ हजार दरवर्षी एकदा फिरले आणि दर फेरीत ३ टक्के बुडाले, तर दहा वर्षांत मिळून सुमारे २ लाख १९ हजारांची कर्जं दिली जातात आणि शेवटी साधारण १८,४०० हातात राहतात. महागाईमुळे त्या १८,४०० ची खरेदीशक्ती आणखी कमी झालेली असेल. पण दोन लाखांहून अधिक रकमेला हात लागला, हे दानात होत नाही.

त्या दोन लाखांनी गरिबी हटते का? तसं समजू नका. हैदराबादमध्ये २००५ नंतर १०४ वस्त्यांत झालेल्या मोठ्या अभ्यासात, ज्यात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, आढळलं की छोट्या कर्जांमुळे चालू धंद्यांत गुंतवणूक वाढली, घरात टिकाऊ वस्तू आल्या, पान-तंबाखू-चहासारखे खर्च थोडे कमी झाले. आरोग्य, मुलांचं शिक्षण, बायकांचा घरातला अधिकार यांत मात्र ठळक फरक पडला नाही. शिलाई मशीनचं कर्ज म्हणजे शिलाई मशीनचं कर्ज. तेवढं झालं तरी ते पुष्कळ आहे.

देणाऱ्याला काय मिळतं, याचं उत्तरही याच मापात. कृतज्ञतेची अपेक्षा ठेवलीत तर नाराज व्हाल. ती बाई तुम्हाला ओळखतही नाही आणि ओळखावं असंही काही नाही. मिळतं ते वेगळं. महिन्याला ४५ रुपये परत आल्याचा संदेश येतो, जूनमध्ये येत नाही, ऑगस्टमध्ये दोन एकदम येतात, आणि जूनमध्ये पेरणीला पैसे गेले असतील हे तुम्हाला हळूहळू कळायला लागतं. दुसऱ्याच्या घरातल्या पैशाचा ऋतू कळतो. मुलांना सोबत घेऊन ही निवड केली तर टक्केवारी, जोखीम आणि दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास या तिन्ही गोष्टी एकदम शिकवता येतात. आणि बुडालेल्या ५०० बद्दल राग येतो की नाही, यावरून आपण दिलं होतं ते खरंच मदत म्हणून दिलं होतं का, हेही स्वतःला कळतं.

शेवटी, प्रश्नात नसलेली पण बहुतेकांच्या घरात घडणारी गोष्ट: घरकामाच्या मावशी १० हजारांची उचल मागतात. छोट्या कर्जाचा सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात निसरडा प्रकार हाच. उचल या शब्दामागे आपल्याकडे काय उभं आहे ते आठवा. ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं आणि ती फिटेपर्यंत हंगामामागून हंगाम त्याच कोयत्याला बांधलं जातं. तुमच्या घरात तसं होऊ द्यायचं नसेल तर व्याज घेऊ नका. रक्कम बँकेतून द्या. २० हजार आणि त्यावरचं कर्ज रोखीत चालतच नाही. दर महिन्याला पगाराच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका, आणि दिवाळीच्या महिन्यात अजिबात नको. एका वहीत तारीख, रक्कम, बाकी लिहा आणि तशीच दुसरी वही त्यांच्याकडे द्या, दोन्हींवर दोघांच्या सह्या. सुट्टी, पगारवाढ, कामाचे तास यांबद्दल बोलताना या पैशाचा उल्लेख कधीही करू नका. आणि काम सोडायचं असेल तर खुशाल सोडा, हप्ता जमेल तसा देत राहा, हे पैसे हातात देण्याआधी सांगा.